२० सप्टेंबर : ‘द फ्रेशमन’ पडद्यावर
१९२५ : हॅरॉल्ड लॉइड यांचा ‘द फ्रेशमन’ हा मूकपट या दिवशी अमेरिकेत प्रदर्शित झाला. कॉलेजात लोकप्रिय व्हायचेच, या हट्टाने आलेला हॅरॉल्ड लँब फुटबॉल संघात शिरू पाहतो. हा फुटबॉल म्हणजे चेंडू छातीशी धरून पळायचा अमेरिकी खेळ. वाट्याला येते खेळाडूंना पाणी देण्याचे काम. तो मात्र स्वतःला राखीव खेळाडू समजतो. नाचाच्या रात्री कच्च्या टाक्यांचा सूट अंगावरच उसवत जातो आणि शिंपी लपूनछपून टाके घालत राहतो. हा प्रसंग आजही पोट धरून हसायला लावतो. पण सगळे आपलीच टिंगल करतात हे कळल्यावर हॅरॉल्ड प्रेयसी पेगीपुढे ढसाढसा रडतो, तिथे लॉइड यांच्यातला खरा नट दिसतो. पेगी झाली होती जोबिना राल्स्टन. अखेरच्या फुटबॉल सामन्यातली प्रेक्षकांच्या गर्दीची दृश्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया मेमोरियल स्टेडियमवर खऱ्या सामन्याच्या मध्यंतरात टिपली होती. पुढे दिग्दर्शक प्रेस्टन स्टर्जेस यांनी १९४७ मधल्या आपल्या चित्रपटाची सुरुवातच ‘द फ्रेशमन’मधल्या या सामन्याने केली. त्यातही नायक लॉइडच होते.