सैतानानंही बायबलचंच वचन म्हटलं होतं! मोहाच्या क्षणी ख्रिस्ती माणूस वचनाचा आधार कसा घेतो?

मागे सूर्योदय, वर पांढऱ्या अक्षरांत बायबलचं वचन आणि खाली हात जोडलेला इमोजी. नवापूर, नंदुरबारकडच्या एखाद्या ख्रिस्ती तरुणाचा नंबर सेव्ह असेल तर असं स्टेटस तुम्ही पाहिलंच असेल. आता हाच तरुण कामाला नरडाण्याला आला आहे, असं समजा. उधना-जळगाव रेल्वेमार्गावर नंदुरबार, दोंडाईचा मागे टाकलं की धुळे जिल्ह्यातलं हे स्टेशन येतं. गावाला एमआयडीसी आहे आणि मुंबई-आग्रा महामार्गही इथूनच जातो. पगार झालेला, खोलीवर घरचं कुणी नाही, हातात फोन आणि दोस्त म्हणतायत, "चल ना, आज तरी."

अशा वेळेसाठी संडे स्कूलपासून एक उपाय शिकवलेला असतो: वचन आठव. पण वचन आठवल्यानं नेमकं होतं काय?

मूळ प्रसंग काय आहे?

या शिकवणीचा पाया मत्तय आणि लूक या दोन शुभवर्तमानांच्या चौथ्या अध्यायात आहे. येशू अरण्यात 40 दिवस उपाशी आहे आणि सैतान तीन वेळा त्याला भुलवू पाहतो. दगडांच्या भाकरी कर, मंदिराच्या टोकावरून उडी मार, माझ्या पाया पड म्हणजे सगळी राज्यं तुझी. तिन्ही वेळा येशू शास्त्रातलं वचन सांगतो.

ही तिन्ही वचनं जुन्या करारातल्या अनुवाद या एकाच पुस्तकातली आहेत, तीही सहाव्या आणि आठव्या अध्यायातली. इस्राएल लोक 40 वर्षं अरण्यात भटकले. तिथं ते भुकेनं कुरकुरले, देव आपल्यात आहे की नाही याचा त्यांनी पुरावा मागितला, दुसऱ्या देवांकडे वळले. त्या सगळ्याची आठवण मोशे या पुस्तकात करून देतो. म्हणजे येशूनं सुचेल ते वचन फेकलेलं नाही. आपल्या लोकांचा पाय जिथं घसरला, नेमकं तिथलंच त्यानं उचललं.

खरी गंमत मंदिराच्या प्रसंगात आहे. इथं सैतानही शास्त्र सांगतो! तो 91व्या स्तोत्राचा हवाला देतो: देवदूत तुला झेलतील, मग उडी मारायला काय हरकत? येशू ते वचन खोटं ठरवत नाही. तो त्याच्या शेजारी दुसरं वचन ठेवतो, देवाची परीक्षा पाहू नये असं. स्तोत्र संकटात सापडलेल्याला धीर देतं. मुद्दाम उडी मारणाऱ्याला ते हमी देत नाही.

हा मुद्दा स्टेटसच्या काळात जास्तच लागू पडतो, कारण तिथं वचन नेहमी एकटं असतं, मागचापुढचा संदर्भ कापलेला. दारूचंच बघा. पौलानं तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं होतं आणि पिणाऱ्याला नेमकं हेच वचन तोंडपाठ असतं. तोच पौल इफिसकरांना मद्यानं मस्त होऊ नका असं बजावतो. ते मात्र आठवत नाही. मोहात पडलेला माणूस आपल्या सोयीचं वचन शोधतो, हे या गोष्टीनं फार आधी हेरून ठेवलंय.

वाळवंटातल्या साधूची वही

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इवाग्रियस नावाच्या साधूनं या उपायाची चक्क एक पद्धत बसवली. मनात येणाऱ्या वाईट विचारांचे त्यानं आठ प्रकार पाडले: खादाडपणा, कामवासना, लोभ, खिन्नता, राग, कंटाळा, लौकिकाची हाव आणि गर्व. मग कुठल्या विचाराला शास्त्रातल्या कुठल्या वचनानं उत्तर द्यायचं, याचं एक पुस्तकच लिहिलं. त्यात जवळपास 500 नोंदी आहेत. मूळ ग्रीक प्रत हरवली, पुस्तक सिरियाक भाषेतल्या भाषांतरामुळे टिकलं. यात एक साधी समज दिसते: आधी विचार ओळखायचा, त्याला नाव द्यायचं, मग उत्तर. नुसतं मन मारण्यापेक्षा हे वेगळं आहे.

मोह की परीक्षा?

मराठीत इथं एक पेच आहे. ग्रीक मूळ शब्द 'पेरास्मोस'. त्याचा अर्थ मोहही होतो आणि परीक्षाही. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये म्हटल्या जाणाऱ्या प्रभूच्या प्रार्थनेत 'परीक्षा' हा शब्द आहे. मग देवच माणसाला मोहात टाकतो का? याकोबाच्या पत्राचं उत्तर स्पष्ट आहे: नाही, माणसाला त्याची स्वतःची वासनाच ओढते. पोप फ्रान्सिस यांनीही 2017 मध्ये या ओळीच्या इटालियन भाषांतराबद्दल नाराजी व्यक्त केली होती. 2020 मध्ये इटलीतल्या चर्चमध्ये नवे शब्द वापरात आले.

शब्द कळला नाही तर तो ऐन वेळी उपयोगाला यायचा कसा? पंडिता रमाबाईंना हे पक्कं ठाऊक होतं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं. स्वतः संस्कृतच्या पंडिता, पण भाषा ठेवली कमी शिकलेल्या बायकांना समजेल अशी साधी. छपाईसाठी खिळे जुळवण्याचं कामही मुक्तीतल्या स्त्रियांनीच केलं. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई वारल्या, त्याआधी हे भाषांतर त्यांनी पूर्ण केलं होतं. खानदेशात आज अहिराणी आणि मावचीतही नवा करार वाचता येतो. घरी मावची बोलणाऱ्याला ऐन वेळी प्रमाण मराठीपेक्षा मावचीच आधी आठवणार, हे उघड आहे.

वचन म्हटलं की भागलं?

बायबल स्वतःच असं म्हणत नाही. उत्पत्तीच्या 39व्या अध्यायात मालकाची बायको योसेफाच्या मागे लागते. तो आधी तिला समजावतो. पण ती वस्त्र धरते तेव्हा तो बोलत बसत नाही, वस्त्र तिच्या हातात टाकून पळून जातो. करिंथकरांना लिहिताना पौलही सांगतो की मोहाबरोबर देव निसटायची वाटही देतो. वाट दिसली तरी चालायचं माणसालाच असतं. नरडाण्याच्या त्या तरुणासाठी ती वाट म्हणजे पगार हातात पडताच घरी पैसे पाठवणं किंवा त्या संध्याकाळी खोलीवर न थांबणं असू शकते.

आणखी एक गोष्ट: याकोबाचं पत्र आपली पापं एकमेकांपाशी कबूल करायला सांगतं. अडचण अशी की व्यसन लागलेला माणूस ते नेमकं मंडळीपासूनच लपवतो. 'वचनावर विश्वास कमी पडला' असं ऐकावं लागेल, ही भीती असते. असं सुनावणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवं की दारूचं व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार असतात. पुण्यातलं मुक्तांगण 1986 पासून हेच काम करतंय. सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनवर, म्हणजे 14416 या नंबरवर, फोन करून मराठीत बोलता येतं. पाळकांनी हा नंबर मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, तर रोजच्या वचनाला काही बाधा येत नाही.