दोन उभ्या काठ्या

माणसाने आपल्या शिक्षणावर फार विसंबू नये, हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, २०२३ साली, चेंबूरच्या आमच्या घरातल्या माळ्याने शिकवले. मी बी.कॉम. आहे आणि वीस वर्षे बँकेत दुसऱ्यांचे आकडे तपासतो आहे. त्यामुळे आजोबांची १९४८ सालची खतावणी माळ्यावर सापडली, तेव्हा ती वाचायला मी कुणाला विचारले नाही.

तीत आमच्या चुलत आजोबांच्या नावे ‘५॥’ असा आकडा होता. परत आल्याची नोंद नव्हती. मी वाचले, पाचशे अकरा! कॅल्क्युलेटर हाताशी होताच. सहा टक्के चक्रवाढ, पंचाहत्तर वर्षे. रक्कम चाळीस हजारांच्या वर गेली. ठाण्याच्या चुलतभावाला मी हे फोनवर सहज सांगितले. पण कर्जवसुलीत दिवस काढलेल्या माणसाचे ‘सहज’ जरा जड पडते.

“म्हणजे आमचे आजोबा बुडवे होते, असंच ना?” एवढे बोलून त्याने फोन ठेवला. त्या वर्षी गणपतीला ठाण्याहून कुणी आले नाही.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वाचायला बंदी होती. नवा चष्मा आल्यावर त्यांनी वही हातात घेतली आणि म्हणाले, “अरे शहाण्या, हे साडेपाच!”

१ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, तेव्हा दादा चौथीत होते. पावकी, निमकी त्यांनी घोकलेली. मग मला शिकवणी सुरू झाली. रुपयाचे आणे सोळा. एक उभी काठी म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. दिवसभरात पन्नासदा ‘आठ आणे’ अक्षरी लिहायचे, तर कारकुनाने जेवायचे कधी? त्यापेक्षा दोन काठ्या बऱ्या.

मला एकदम उमगले. चिन्हे विद्वानांनी कमी आणि दमलेल्या हातांनी जास्त घडवली. मोडीतले कारकून तर शब्दाचे पहिले अक्षर लिहून पुढे याच दोन काठ्या मारीत. उरलेला शब्द वाचणाऱ्याने ओळखून घ्यायचा. राजमान्य राजश्रींचे ‘रा. रा.’ झाले ते असेच. परदेशातले हातही आपल्यासारखेच दमत. लॅटिनमध्ये ‘आणि’ला ‘एत’ म्हणतात; ती दोन अक्षरे लिहिता लिहिता एकमेकांत गुंतली आणि ‘&’ झाले. ‘लिब्रा’ या वजनाच्या एल अक्षराला आडवी रेघ मिळाली आणि पौंडाचे ‘£’ झाले. पायरी जशी वापरून झिजते, तसा शब्द वापरून झिजतो.

आपला रुपया मात्र झिजून नव्हे, स्पर्धा जिंकून चिन्ह झाला. पवईच्या आय.आय.टी.त शिकलेल्या डी. उदयकुमार यांनी देवनागरी ‘र’ आणि काठी नसलेला रोमन ‘आर’ यांचा मेळ घातला आणि १५ जुलै २०१० ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘₹’ मंजूर केले. तोवर आम्ही बँकवाले ‘रु.’वरच भागवत होतो.

ज्या शब्दाची रोज गरज पडते त्याला चिन्ह मिळते, हा नियम मला पटला. ‘क्षमा’ या शब्दाला अजून चिन्ह नाही, हेही तेव्हाच ध्यानात आले. तो पुरा लिहावा लागतो आणि बोलायचा तर ठाण्याला जावे लागते.

मी गेलो. वहिनींनी चहा दिला. भावाने खतावणी उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, “साडेपाच रुपयांसाठी तू मला दोन महिने बोललास नाहीस?”

फोन त्याने ठेवला होता, हे मी बोललो नाही. काही हिशेब तपासू नयेत.

लक्ष्मीपूजनाला तो सहकुटुंब चेंबूरला आला. त्याने दादांच्या हातात एक पाकीट ठेवले. वर लिहिले होते ‘₹ ५॥’. आत पाचाचे एक नाणे आणि पन्नास पैशांचे एक. हे दुसरे त्याने कुठून शोधले, कोण जाणे! साडेपाचावरही सहा टक्क्यांनी चारशे पस्तीस होतात. पण मी व्याजाचे नाव काढले नाही.

दादांनी खतावणी उघडली, चष्मा सारखा केला आणि पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या नोंदीखाली सावकाश लिहिले : ‘५॥ जमा’.