तेल, गोळी आणि मोजणी

टकलावर उपाय शोधण्याची धडपड वैद्यकाइतकीच जुनी आहे. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तच्या एबर्स पपायरसमध्ये त्यासाठी सिंह, पाणघोडा, मगर, मांजर आणि साप यांच्या चरबीचा लेप सांगितला आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत इंद्रलुप्त आणि खालित्याची चिकित्सा आहे, आणि माक्याचे तेल आजही घरोघरी असते. उपायांची वाण कधीच नव्हती. उणीव होती ती उपाय केलेले डोके आणि न केलेले डोके शेजारी ठेवून दोन्हींवरचे केस मोजण्याची. गेल्या पन्नासएक वर्षांत टकलावर जी दोन औषधे टिकून राहिली, ती या मोजणीमुळे टिकली. म्हणूनच गोळी घेणाऱ्याने डॉक्टरच्या चिठ्ठीकडे अडचण म्हणून पाहू नये. ती चिठ्ठी त्या मोजणीचाच पुढचा भाग आहे.

नुसते निरीक्षण पुरेसे नसते, हे या इतिहासात फार आधी दिसते. वयात येण्यापूर्वी वृषण काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, हे प्राचीन ग्रीक वैद्यांना ठाऊक होते. हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या सूत्रसंग्रहात तशी नोंद आहे. पण त्या नोंदीतून दोन हजार वर्षांत काहीच निघाले नाही. १९४२ साली अमेरिकेतल्या जेम्स हॅमिल्टन यांनी अशा पुरुषांचा पद्धतशीर अभ्यास केला. पुरुषी संप्रेरक दिल्यावर त्यांच्यापैकी ज्यांच्या घराण्यात टक्कल होते, त्यांचे केस विरळ होऊ लागले. संप्रेरक, आनुवंशिकता आणि वय या तिन्हींचा मेळ बसला की टक्कल पडते, हे त्यातून स्पष्ट झाले. टाळूवरचा रक्तपुरवठा, टोपी किंवा कोंडा यांना दोष देण्याचे कारण तिथेच संपायला हवे होते.

पहिले औषध मात्र वेगळ्याच वाटेने आले. मिशिगनमधल्या अपजॉन कंपनीचे मिनॉक्सिडिल रक्तवाहिन्या रुंदावते, म्हणून १९७९ साली तीव्र रक्तदाबावरची गोळी म्हणून त्याला मान्यता मिळाली. ती घेणाऱ्या सुमारे ८० टक्के रुग्णांच्या अंगावरची लव लांब, जाड आणि काळी होऊ लागली. रक्तदाबाच्या रुग्णाला नकोसा वाटणारा हा परिणाम टाळूवर हवा होता. औषध द्रवरूपात टाळूला लावून, दुसऱ्या गटाला औषधाविना तसाच द्रव देऊन चाचण्या झाल्या आणि १९८८ साली अमेरिकेत ते चिठ्ठीवर मिळू लागले. १९९६ साली ही अट निघाली, कारण लावलेले औषध रक्तात फार थोडे उतरते हे तोवर दिसून आले होते. म्हणजे चिठ्ठीची अट निघाली तीही पुराव्यावर.

दुसऱ्या औषधाचे मूळ डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या सालिनास गावात आहे. तिथल्या काही कुटुंबांत मुलगी समजून वाढवलेली मुले वयात येताना पुरुषी रूप धारण करत. ज्युलियान इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली त्याचे कारण प्रसिद्ध केले: टेस्टोस्टेरॉनचे डीएचटी या अधिक प्रबळ संप्रेरकात रूपांतर करणारे विकर त्यांच्यात जन्मतःच उणे होते. या पुरुषांची पुरःस्थ ग्रंथी (प्रोस्टेट) मोठेपणीही लहान राहते आणि त्यांना टक्कल पडत नाही. हेच विकर रोखणारे फिनास्टेराइड मर्क कंपनीने घडवले. १९९२ साली ५ मिलिग्रॅमची गोळी प्रोस्टेटच्या वाढीसाठी आणि १९९७ साली १ मिलिग्रॅमची गोळी टकलासाठी मान्य झाली. १८ ते ४१ वयाच्या १,५५३ पुरुषांवरच्या चाचण्यांत टाळूवरच्या एक इंच व्यासाच्या वर्तुळातले केस मोजले गेले. दोन वर्षांनी औषधाच्या आणि साध्या गोळीच्या गटांत सरासरी १३८ केसांचा फरक होता.

यावर पहिला आक्षेप असा, की दोन्ही शोध योगायोगाचे, मग त्यात शास्त्राची थोरवी कसली? पण योगायोग पूर्वीही घडत होते. योगायोगाला औषधाचे रूप दिले ते तुलनेने. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पिढ्यान्‌पिढ्यांचा तेलाचा अनुभव खोटा कसा मानायचा? अनुभव खोटा नसतो, पण त्याचे श्रेय चुकीच्या जागी जाऊ शकते. टायफॉइडसारख्या मोठ्या तापानंतर किंवा बाळंतपणानंतर गळलेले केस काही महिन्यांत आपोआप परत येतात. चाईतही पुष्कळांचे केस आपोआप उगवतात. त्या काळात जे तेल डोक्याला लागलेले असेल, ते गुणकारी ठरते. पुरुषी टक्कल मात्र सावकाश पुढेच सरकते, आणि तिथे तेलाचा असा आधार निघून जातो.

तिसरा आक्षेप उलट बाजूचा आहे: औषध सिद्ध झाले आहे, तर चिठ्ठीचा अडसर कशाला? कारण मोजणी फायद्याबरोबर तोट्याचीही झाली आहे. त्याच चाचण्यांत पहिल्या वर्षी लैंगिक तक्रारी औषध घेणाऱ्या ३.८ टक्के पुरुषांत आढळल्या, तर साध्या गोळीच्या गटात २.१ टक्क्यांत. फरक लहान आहे, पण चाचणीच्या ठरावीक मुदतीत सगळे दिसत नाही. औषध थांबवल्यावरही तक्रारी राहिल्याच्या नोंदी आल्या, तेव्हा २०१२ साली अमेरिकेत माहितीपत्रक बदलले. २०२५ साली युरोपच्या औषध नियामकाने आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचे मान्य केले. ही गोळी प्रोस्टेटसाठीच्या पीएसए या रक्तचाचणीचा आकडा सुमारे निम्म्यावर आणते. डॉक्टरला ती गोळी चालू असल्याचे माहीत नसेल, तर प्रोस्टेटच्या कर्करोगाची खूण नजरेतून सुटू शकते. शिवाय औषध थांबवले की वर्षभरात केस पूर्वस्थितीला येतात, म्हणून निर्णय दीर्घ मुदतीचा असतो, आणि असा निर्णय जाहिरात पाहून घ्यायचा नसतो.

भारतीय कायद्यानेही हे ओळखले आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या जे अनुसूचीत जे विकार औषधाने बरे होतात असा दावा करण्यास मनाई आहे, त्यांत टक्कल आहे. तरीही असे दावे रोज कानावर पडतात. तेव्हा टकलावर औषध घ्यायचे ठरवले, तर आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, आधीचे आजार, चालू गोळ्या आणि मनाची अवस्था त्यांना सांगा, आणि तीन वर्षांनंतरही ही गोळी घ्यावीशी वाटेल का, हे स्वतःला विचारून मगच सुरू करा.