रिकाम्या पुंगळीचें मोल

बंदुकीचा इतिहास लिहिणारे नळीकडे पाहतात; पुंगळीकडे सहसा कोणी पाहत नाहीं. पश्चिम अमेरिकेचा एकोणिसाव्या शतकांतील इतिहास वाचतांना मात्र आम्हांस ही पुंगळीच अधिक बोलकी वाटते.

१८६६ सालच्या विंचेस्टर बंदुकीच्या काडतुसांत पेट घेणारा मसाला पुंगळीच्या कडेंतच भरलेला असे. एकदां बार उडाला कीं पुंगळी निरुपयोगी. १८७३ च्या नमुन्यांत टोपी बुडाच्या मध्यभागीं आली. ती काढून नवी बसवितां येऊं लागली, आणि रानांत एकटा राहणारा शिकारी आपलें काडतूस आपणच भरूं लागला. १८७८ पासून त्याच काडतुसाचें कोल्ट पिस्तूल मिळूं लागल्यावर कमरेच्या पिस्तुलास आणि खोगिराजवळच्या कार्बाइनीस एकच साचा पुरला.

चुलीवर शिसें वितळवावें, साच्यांत नीट उतरावें म्हणून थोडें कथील घालावें, निघालेल्या गोळीस चरबी व मेण चोपडावें. पुंगळींत ४० ग्रेन काळी दारू ठांसावी व वर २०० ग्रेनांची गोळी बसवावी. (चरबीचें नांव काढतांच आमच्या वाचकांस १८५७ आठवेल, पण ती कोणत्या जनावराची हा प्रश्न त्या अरण्यांत कोणास पडत नव्हता.) गोळीचें तोंड चपटें ठेवीत. कारण नळीखालील कोठींत काडतुसें एकामागें एक असत, आणि टोंकदार गोळी पुढील काडतुसाच्या टोपीवर टेकली तर कोठींतच बार उडण्याचें भय. ठांसलेली दारू गोळीस मागें सरकूं देत नसे. पुढें १८९० नंतरच्या दशकांत धूररहित दारू आली. ती थोडीच पुरे, म्हणून हा आधार गेला, आणि जुन्या सवयीनें पुंगळी कांठोकांठ भरणाराच्या हातांतच बंदूक फुटण्याचा धोका उत्पन्न झाला.

पण या साच्याचें खरें मोल शिकारीपुरतें नव्हतें. जून १८७६ मध्यें लिटल बिगहॉर्नच्या कांठीं लकोटा व शायेन योद्ध्यांनीं कस्टरच्या तुकडीचा फडशा पाडला. त्यांच्यापैकीं कित्येकांजवळ लागोपाठ बार काढणाऱ्या बंदुका होत्या, सैनिकांजवळ एकबारी. ऑगस्टांत काँग्रेसनें, शत्रु ठरविलेल्या टोळ्यांस धातूचीं काडतुसें मिळूं नयेत, असा ठराव केला. दोनच वर्षांनीं लॉर्ड लिटनच्या सरकारनें हिंदुस्थानांत हत्यारांचा कायदा आणला. त्यांत तर शिसें, गंधक आणि सोरा यांवरही निर्बंध घालण्याची सोय होती. साच्याचें मर्म वॉशिंग्टनपेक्षां आमच्या राज्यकर्त्यांस अधिक कळलें होतें, असें म्हणणें भाग आहे. तिकडे मैदानांतील लोक रिकाम्या पुंगळ्या वेंचून, ठासणीच्या बंदुकीच्या टोप्या त्यांच्या बुडांत बसवून, त्याच पुन्हां भरीत राहिले.