वाकडी पट्टी : दोष की प्रतिभा?

हाताने शिवलेली गोधडी कुणापुढे उलगडली की 'छान झालीय' हे शब्द सहज मिळतात. टाका कुठे चुकला हे सांगणारा विरळा. मग स्तुती गोड आणि टीका खरी, अशी सोपी वाटणी आपण करून टाकतो. अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या 'जीज बेंड' या खेड्याचा इतिहास पाहिला तर ही वाटणी टिकत नाही.

अलाबामा नदीच्या वळणावरची ही वस्ती. येथील बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबे कापसाच्या मळ्यावर राबलेल्या गुलामांच्या वंशातली. अनेकांचे आडनावही मळेवाल्याचेच, पेटवे. विटलेल्या कपड्यांचे तुकडे जोडून इथल्या बायका गोधड्या शिवत, त्या थंडी भागवण्यासाठी. मिझुरी पेटवे यांनी १९४२ साली, पती वारल्यावर, त्यांच्या शेतातल्या कपड्यांची गोधडी केली. वरचे तुकडे जिने तिने आपल्या मनाने जोडायचे आणि धावदोरा घालायला शेजारणींनी जमायचे, अशी पद्धत होती. ठरीव नमुन्यापेक्षा 'माझी रीत' मोठी मानली जाई. पट्टी वाकडी गेली म्हणजे ती चुकली, असा तिथला न्याय नव्हता.

नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात, १९६५च्या डिसेंबरात, फ्रान्सिस वॉल्टर या धर्मोपदेशकाने या भागात दोरीवर टाकलेल्या गोधड्या पाहिल्या. पुढच्या वर्षी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था उभी राहिली. न्यूयॉर्कला लिलाव झाले, मोठ्या दुकानांच्या मागण्या आल्या. त्यांच्यासोबत परीक्षाही आली : एकच नमुना, एकच माप, एकसारखे टाके. 'माझ्या रीती'ला तिथे जागा नव्हती. पण या कडक पारखीने बायकांच्या हातात रोख मजुरी पडू लागली, हे विसरून चालणार नाही.

१९७२ साली सिअर्स कंपनीकडून कॉर्डरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचे काम मिळाले. अभ्रे मापात शिवायचे. उरलेल्या चिंध्या मात्र घरी जात आणि तिथे मनाजोग्या गोधड्या होत.

२००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जीज बेंडच्या गोधड्या भिंतीवर लागल्या. त्यांत त्या कॉर्डरॉयच्या चिंध्यांच्याही होत्या. समीक्षकांनी आधुनिक चित्रकारांशी तुलना केली. दुकानाच्या मापात न बसणारी वाकडी पट्टी आता प्रतिभा ठरली. २००६ साली टपाल तिकिटेही निघाली. पण २००७ मध्ये काही गोधडीकर्त्यांनी न्यायालयात दावे लावले : आमच्या कामाचा योग्य मोबदला आम्हाला मिळाला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्या वर्षी ते दावे न्यायालयाबाहेर मिटले.

दुकानाची पारख खरी होती, पण ती विक्रीच्या मालाची. संग्रहालयाची स्तुतीही खोटी नव्हती, पण ती भिंतीवरच्या चित्राची. पांघरुणाची आणि आठवणीची पारख या दोन्हींत बसत नाही; ती धावदोरा घालायला बसलेल्या शेजारणींपाशी होती. गोधडीवर मत देणाऱ्याने आधी एवढेच पाहावे की ती कुणासाठी, कशासाठी शिवली आहे. आणि कौतुकाबरोबर बाजारही आला, तर शिवणारीच्या पदरात काय पडले हेही विचारावे. त्या दाव्यांमागे हाच प्रश्न होता.