अरबी इतिहासग्रंथातील ठाणे : एका वाक्याच्या नोंदीचा शोध

ठाण्याचा इतिहास सांगणाऱ्या पुस्तिका, स्मरणिका आणि लेखांत एक वाक्य वारंवार आढळते : इ. स. ६३६ मध्ये अरबांनी समुद्रमार्गे ठाण्यावर स्वारी केली. काही लेखक त्यापुढे 'शहर लुटले' अशी पुस्ती जोडतात, तर काही 'अरबांना पिटाळून लावण्यात आले' असे तितक्याच खात्रीने लिहितात. दोन्ही पक्षांचा मूळ आधार मात्र एकच आहे. तो म्हणजे नवव्या शतकात बगदादमध्ये लिहिल्या गेलेल्या एका अरबी ग्रंथातील अवघ्या दोन-तीन ओळी. त्या ओळींत लुटीचाही उल्लेख नाही आणि पराभवाचाही नाही.

या ग्रंथाचे नाव 'फुतूह अल-बुलदान', म्हणजे देशोदेशींचे विजय. त्याचा कर्ता अहमद बिन याह्या अल-बलाजुरी. अब्बासी खलिफा मुतवक्किल याच्या दरबारात त्याची ऊठबस होती आणि इ. स. ८९२ च्या सुमारास तो मरण पावला. त्याच्या नावाची कथा मराठी वाचकाला जवळची वाटावी अशी आहे. अरबीत 'बलाजुर' म्हणजे बिब्बा. आपल्याकडे परटाच्या खुणेसाठी वापरला जाणारा आणि ज्याची गोडंबी डिंकाच्या लाडवांत पडते तोच हा बिब्बा. अरब वैद्यकात तो स्मरणशक्ती वाढवणारा मानला जाई. त्याच्या अतिसेवनाने बुद्धिभ्रंश होऊन मृत्यू आल्यामुळे हे नाव पडले असे सांगतात. हा मृत्यू इतिहासकाराचा की त्याच्या आजोबाचा, याविषयी मध्ययुगीन अरबी चरित्रकारांनाच शंका होती.

ग्रंथाची मांडणी प्रदेशवार आहे. प्रेषितांच्या काळातील अरबस्तानापासून आरंभ करून सीरिया, इजिप्त, इराक, इराण असा प्रवास करत लेखक अखेरच्या भागात सिंधकडे येतो. प्रत्येक प्रदेश कोणी, कोणत्या अटींवर घेतला आणि तेथील जमिनीवर कोणता कर बसला, यात त्याला विशेष रस आहे. कारण विजय लढाईने झाला की तहाने, यावर पुढच्या काळातील महसुलाचे हक्क अवलंबून असत. ही कोरडी, हिशेबी वृत्ती वाचकाला कंटाळवाणी वाटू शकते. पण तिच्यामुळेच बलाजुरीवर अभ्यासकांचा विश्वास आहे.

सिंधच्या प्रकरणाच्या अगदी सुरुवातीला ठाणे येते. बलाजुरी सांगतो, की खलिफा उमर यांनी हिजरी १५ मध्ये सकीफ टोळीतील उस्मान बिन अबी अल-आस याला बहरीन आणि ओमान या प्रांतांवर नेमले. (पुढे खलिफा झालेले उस्मान ते वेगळे.) या सुभेदाराने आपला भाऊ हकम याला बहरीनला धाडले, स्वतः ओमानला गेला आणि तेथून 'ताना' येथे एक फौज पाठवली. फौज परत आल्यावर त्याने खलिफांना पत्राने कळवले. खलिफांचे उत्तर रागाचे होते. माणसांना गलबतांवर चढवणे म्हणजे ओंडक्यावर किडा बसवून देण्यासारखे आहे, अशा अर्थाची उपमा देऊन त्यांनी बजावले, की ही माणसे दगावली असती तर तेवढीच माणसे तुझ्या टोळीतून वसूल केली असती. पुढच्याच ओळीत हकमने भडोचकडे फौज पाठवल्याचा आणि मुगीरा या दुसऱ्या भावाने देबलच्या खाडीत शत्रूला हरवल्याचा उल्लेख येतो. ठाण्याविषयी एवढेच.

मजकूर शांतपणे वाचला तर तीन गोष्टी निघतात. एक, ही मोहीम खलिफांच्या आज्ञेने झालेली नव्हती. सुभेदाराने ती आपल्या अखत्यारीत केली आणि मागाहून कळवली. दुसरी, खलिफांच्या धमकीतील 'दगावली असती तर' या अटीवरून माणसे मोठ्या संख्येने गमावली नव्हती, असे दिसते. तेव्हा अरबांच्या दारुण पराभवाची कल्पना मजकुराशी जुळत नाही. तिसरी, देबलला विजय मिळाल्याचे स्पष्ट सांगणारा लेखक ठाण्याच्या बाबतीत विजय, लूट किंवा तह यांपैकी काहीही नोंदवत नाही. लुटीचा हिशेब ठेवणाऱ्या ग्रंथात हे मौन बोलके आहे. तेव्हा 'शहर लुटले' हेही वाचकाच्या माथी मारलेलेच. उमर यांना समुद्राविषयी असलेली धास्ती इतर अरबी ग्रंथांतूनही दिसते. सीरियाचा सुभेदार मुआविया सायप्रसवर आरमार नेण्याची परवानगी मागत होता. ती उमर यांनी दिली नाही. ती स्वारी पुढच्या खलिफांच्या काळात, इ. स. ६४९ मध्ये झाली.

सनाचा प्रश्न

हिजरी १५ म्हणजे फेब्रुवारी ६३६ ते फेब्रुवारी ६३७. परंतु हिजरी कालगणना स्वतः उमर यांनीच त्यानंतर दोन-एक वर्षांनी सुरू केली. म्हणजे हा सन घटनेच्या वेळी टिपलेला नसून नंतर मोजून लावलेला आहे. शिवाय काटेकोर वाचले तर तो सुभेदाराच्या नेमणुकीचा सन आहे. फौज त्याच वर्षी निघाली, असे बलाजुरी म्हणत नाही.

बलाजुरीने ही हकीकत मदाइनी या इतिहासकाराच्या हवाल्याने दिली आहे. मदाइनी नवव्या शतकाच्या पूर्वार्धात वारला. हिंदच्या सरहद्दीवर त्याने स्वतंत्र पुस्तके लिहिली होती; ती आज उपलब्ध नाहीत आणि बलाजुरीसारख्यांनी घेतलेल्या उताऱ्यांतूनच ती डोकावतात. घटना आणि लेखणी यांत अशा रीतीने दोन शतकांहून अधिक अंतर पडते. मधल्या काळात ठाणे हे नाव अरब दर्यावर्दींच्या ओळखीचे झाले होते. सातव्या शतकात कोकणच्या एखाद्या वेगळ्या बंदरावर गेलेल्या गलबतांच्या आठवणीला नंतरच्या नामांकित बंदराचे नाव चिकटले असेल, ही शंका घ्यायला जागा आहे. ती सिद्ध करता येत नाही, तशी फेटाळताही येत नाही.

आपल्या बाजूने या काळाबद्दल काय मिळते? बदामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याचा ऐहोळे येथील शिलालेख शके ५५६ चा, म्हणजे इ. स. ६३४ चा आहे. कोकणच्या मौर्यांचा पराभव करून पश्चिम समुद्रावरील पुरी हे नगर आरमाराच्या बळावर घेतल्याचे वर्णन त्यात आहे. मोहीम खरोखरच ६३६-३७ मध्ये झाली असेल, तर उत्तर कोकणावर सत्ता याच राजाची होती. ठाण्याला राजधानीचे महत्त्व आले ते त्यानंतर, नवव्या ते तेराव्या शतकात राज्य करणाऱ्या शिलाहारांच्या काळात.

नुक्त्यांचा घोळ

बलाजुरीचा ग्रंथ हस्तलिखितांच्या रूपाने टिकला. द खुये या डच विद्वानाने तो १८६३ ते १८६६ या काळात लायडन येथून छापून प्रसिद्ध केला. इलियट आणि डाउसन यांच्या भारताच्या इतिहाससाधनांचा पहिला खंड १८६७ मध्ये निघाला. त्यात सिंधच्या प्रकरणाचे इंग्रजी भाषांतर होते. ठाण्याची ओळ अशी इंग्रजीच्या वाटेने आपल्या पुस्तकांत आली, आणि वाटेत तिला विशेषणे चिकटत गेली.

अरबी हस्तलिखितांत गावांची नावे वाचणे हे जिकिरीचे काम असते. अनेक अक्षरांचा सांगाडा एकच, फरक केवळ नुक्त्यांचा. वर दोन ठिपके असले तर 'त', खाली एक असला तर 'ब'. नकलनवीस दूरच्या इराणात किंवा मोरोक्कोत बसून कोकणातील गाव लिहितो तेव्हा ठिपके हलतात. याचे उत्तम उदाहरण ठाण्याचेच आहे. सिसिलीचा राजा रॉजर याच्या आश्रयाने अल-इद्रीसी याने ११५४ मध्ये जो भूगोलग्रंथ पूर्ण केला, त्यातील ठाण्याचे नाव इलियट-डाउसन यांच्या खंडात 'बाना' असे छापले आहे आणि ते 'ताना' हवे, असा खुलासा जोडला आहे.

इद्रीसी स्वतः कोकणात आला नव्हता; पण त्याला मिळालेली माहिती व्यापाऱ्यांची होती, हे लगेच जाणवते. मोठ्या आखातावर वसलेले हे सुंदर नगर, तेथे गलबते नांगरतात आणि तेथूनच शिडे उभारतात, असे तो म्हणतो. लगतच्या डोंगरांत बांबू आणि तबाशीर होते व ते पूर्व-पश्चिमेला जाते. तबाशीर म्हणजे आपले वंशलोचन. त्यात हस्तिदंताची राख मिसळून भेसळ केली जाते, हेही तो सांगायला विसरत नाही. येऊरच्या डोंगरात आजही बांबू दिसतो. खाडीत नांगरणाऱ्या गलबतांचे चित्र मात्र आता कल्पनेनेच उभे करावे लागते.

अल-बिरुनीने १०३० च्या सुमारास लिहिलेल्या हिंदविषयक ग्रंथातही कोकणप्रांतातील किनाऱ्यावरचे ठिकाण म्हणून ठाणे आहे. कोकणातील शरभ या चमत्कारिक प्राण्याचे त्याने दिलेले वर्णन वाचण्यासारखे आहे. चार पाय खाली आणि पाठीवर वर वळलेले पायांसारखेच आणखी चार अवयव, असे तो ऐकीव माहितीवर सांगतो. ठाण्याचा जाणकार असा लौकिक त्याला द्यावा की नाही, हे वाचकांनी ठरवावे.

प्रत्यक्ष येऊन गेलेला साक्षीदार म्हणजे अल-मसूदी. हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६-१७ मध्ये, तो सैमूर येथे होता. सैमूर म्हणजे रायगड जिल्ह्यातील चौल. तेथे सुमारे १० हजार मुसलमान राहतात, त्यांत सिराफ, ओमान, बसरा आणि बगदादहून आलेले आहेत, तसेच याच भूमीत जन्मलेलेही आहेत, असे तो लिहितो. त्यांच्यातील तंटे मिटवण्यासाठी राजाने त्यांच्यापैकीच एक प्रमुख नेमलेला असे. त्या वेळच्या स्थानिक राजाचे नाव तो 'झंझ' असे देतो. हा शिलाहार राजा झंझ. त्याचा सम्राट 'बल्हरा', म्हणजे वल्लभराज, मान्यखेटचा राष्ट्रकूट. सैमूर, सोपारा आणि ठाणे येथे 'लारी' भाषा बोलतात, अशीही त्याची नोंद आहे.

चिंचणीचा ताम्रपट

एवढा सगळा पुरावा एकाच बाजूचा, पाहुण्यांच्या लेखणीतला. दुसऱ्या बाजूची साक्ष डहाणू तालुक्यातील चिंचणी येथे सापडलेल्या ताम्रपटांनी दिली. तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेला हा तालुका २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. दिनेशचंद्र सरकार यांनी या ताम्रपटांचे वाचन प्रसिद्ध केले. त्यांतील एक शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा आहे. मसूदीच्या चौलभेटीनंतर जेमतेम १० वर्षांनी तो कोरला गेला.

राष्ट्रकूट सम्राट तिसरा इंद्र याच्या काळातील हा संस्कृत लेख सांगतो, की संयान मंडलाचा कारभार ताजिक कुळातील मधुमती नावाच्या अधिकाऱ्याकडे होता आणि तो त्याला कृष्णराजाने दिला होता. संयान म्हणजे आजच्या गुजरातच्या सीमेवरील संजाण. ताजिक हा अरबांसाठी संस्कृत लेखांत येणारा शब्द आणि मधुमती हे मुहंमदचे संस्कृत रूप. त्याच्या पित्याचे नाव 'सहियारहार' दिले आहे. ते शहरियार असावे असे मानतात. शहरियार हे नाव अरबी नसून फारसी आहे. तेव्हा ज्यांना आपण सरसकट 'अरब' म्हणतो त्यांत इराणच्या आखातावरील लोकही होते.

या मधुमतीने आसपासच्या बंदरांचे प्रमुख जिंकून तेथे आपली माणसे बसवली. दोन नद्यांवर मोफत तरी सुरू केली. संयान येथे अन्नछत्र घातले. तेथे साळीचा भात, कालवण आणि तूप विनामूल्य मिळे. लेखाचा मुख्य विषय आहे तो एका मठिकेला दिलेल्या दानाचा. अण्णैय नावाच्या ब्राह्मणाने स्थापिलेल्या या मठिकेत भगवतीची पूजा होत असे. हे दान मुसलमान सुभेदाराने आपल्या सम्राटाच्या संमतीने दिले.

यात आजच्या अर्थाची सलोख्याची बोधकथा शोधण्याचा मोह टाळलेला बरा. बंदरातून जकात येत होती, समुद्रापलीकडची माणसे जकात वाढवत होती आणि राष्ट्रकूटांना त्यांचा उपयोग होता. इतकाच हिशेब असेल. पण त्या हिशेबात एका ताजिकाला सुभेदारी देणे कोणाला वावगे वाटले नाही, हेही खरे. नवसारीच्या इ. स. ७३९ च्या ताम्रपटात हाच 'ताजिक' शब्द शत्रूच्या फौजेसाठी आला आहे. अवनिजनाश्रय पुलकेशीने तिचा पराभव केल्याचे तेथे सांगितले आहे. त्यानंतर दोन शतकांच्या आत तो सम्राटाच्या अधिकाऱ्यासाठी वापरला गेला. ६३६ ची एकच ओळ वारंवार उद्धृत करणाऱ्या स्थानिक इतिहासात हा ताम्रपट मात्र फारसा दिसत नाही.

शिलाहारांच्या ताम्रपटांत 'हंजमन' किंवा 'हंयमन' असा एक शब्द येतो. ठाण्यात सापडलेल्या ताम्रपटांतही तो आहे. हे पारशांचे अंजुमन, की संजाण नगर, की मसूदीने वर्णिलेली मुसलमानांची वसाहत, यावर विद्वानांचे एकमत नाही. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांच्या कोरीव लेखांचा संग्रह सिद्ध केला असून तो मराठीतही उपलब्ध आहे. ज्यांना मूळ पाठ पाहायचे असतील त्यांनी तेथूनच आरंभ करावा.

चिंचणीचाच आणखी एक ताम्रपट शके ९५६ चा, म्हणजे इ. स. १०३४ चा आहे. ठाण्याच्या शिलाहार छित्तराजाचा मांडलिक चामुंडराज याने त्यात मठिकेला तेलाचा एक घाणा दिला आहे. देवीपुढील दिव्यासाठी आणि तेथे येणाऱ्या विद्वानांच्या पायांना लावण्यासाठी त्याचे तेल वापरावे, असे त्यात म्हटले आहे. दान देताना ज्या नगरप्रमुखांना ते कळवण्यात आले, त्यांची नावेही कोरलेली आहेत : अल्लिय, महर आणि मधुमत.