पान, तांबूल, वेट्रिलै: शब्दांच्या इतिहासाची प्रस्तावना

शब्दांच्या इतिहासात पहिल्यांदाच पाऊल टाकणाऱ्या वाचकाने व्याख्या पाठ करण्याआधी एखादी वस्तू हाती घ्यावी. आपण नागवेलीचे पान घेऊ, आणि तेही कुंभकोणमचे. कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या गाळावर पोसलेले इथले कोवळे पान साऱ्या तमिळनाडूत नावाजलेले आहे. 2025 मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. या गावाचे मराठीशी नातेही जुने. व्यंकोजीराजांपासून 1855 पर्यंत हा मुलूख तंजावरच्या भोसल्यांशी बांधलेला होता. त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव 1828 मध्ये याच गावातल्या मराठी घराण्यात जन्मले. एकाच पानाला निरनिराळ्या भाषाकुळांतली नावे कशी मिळाली, हे पाहायला याहून चांगली जागा शोधावी लागणार नाही.

तमिळ नाव वेट्रिलै. ‘वेरु’ म्हणजे नुसते, मोकळे. ‘इलै’ म्हणजे पान. फुलाफळासाठी नव्हे, तर केवळ पानासाठी लावलेली वेल, म्हणून हे ‘नुसते पान’, असा त्याचा अर्थ लावतात. मराठीने वेगळ्या वाटेने जाऊन तेच केले. संस्कृत ‘पर्ण’ प्राकृतात ‘पण्ण’ झाले आणि मराठीत ‘पान’. कर्ण, कण्ण, कान आणि सप्त, सत्त, सात या साखळ्या शेजारी ठेवल्या की नियम डोळ्यांसमोर येतो: जोडव्यंजन सुटते आणि आधीचा स्वर लांबतो. झाडाला पाने असंख्य, पण ‘पान खाणार का?’ असे विचारले की कोणते पान, हे सांगावे लागत नाही. द्राविड आणि आर्य या दोन कुळांनी आपापल्या साध्या ‘पान’ शब्दातूनच या पानाला नाव दिले. शब्दांचे रूप वेगळे आणि विचार एक, असे अनेकदा घडते. म्हणून अभ्यासकाने ध्वनीइतकाच अर्थाचाही माग काढायचा असतो.

तमिळ शब्दाचे मलयाळी भावंड ‘वेट्टिला’ पोर्तुगिजांच्या कानी पडले. त्यांच्या तोंडी ‘व’चा ‘ब’ झाला आणि तिथून इंग्रजीत ‘बीटल’ आला. वैद्य गार्सिया द ओर्ता यांचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला गेला. त्यांनी या पानाची मलबारातली, दख्खनमधली आणि मलायातली नावे वेगवेगळी नोंदवली आहेत. पोर्तुगीज आधी मलबारात उतरले, म्हणून तिथलेच नाव युरोपात गेले. गलबत आधी दाभोळला लागले असते, तर कदाचित इंग्रजांच्या कोशात ‘पान’ आधी चढले असते. शब्द कोणत्या बंदरातून निघाला, हेही त्याच्या इतिहासात मोडते.

तिसरे नाव तांबूल. इथे नवशिका हमखास फसतो. पान खाल्ले की तोंड तांबडे होते, तेव्हा तांबूल ‘ताम्र’वरून आला असणार, असे वाटते. अर्थ जुळतो, पण उरलेल्या ‘ऊल’चा उलगडा होत नाही. पूर्वेकडे पाहावे तर ख्मेर भाषेत या पानाला ‘म्लू’ म्हणतात, थाई भाषेत ‘फ्लू’. आणि वेलीचे मूळ घरही त्याच दिशेला, आग्नेय आशियात, मानले जाते. फ्रेंच पंडित झाँ प्शिलुस्की यांनी तांबूल या शब्दाचा संबंध ख्मेरसारख्या ऑस्ट्रोएशियाई भाषांशी जोडला. त्यांचे लेख प्रबोधचंद्र बागची यांनी 1929 मध्ये कलकत्ता विद्यापीठातर्फे इंग्रजीत आणले. हाच शब्द पुढे अरबीत ‘तंबूल’ झाला, मराठीत त्याने तांबोळी दिला, आणि तमिळ घरांत तो आजही मानाने नांदतो. लग्न ठरवण्याच्या विधीला तिथे ‘निच्चयतांबूलम’ म्हणतात, आणि लग्नाहून परतणाऱ्या पाहुण्याच्या हाती पान, सुपारी, नारळ घातलेली तांबूलाची पिशवी देतात. आपल्याकडेही सुपारी फुटली की लग्न पक्के. ‘वीटिका’वरून आलेला ‘विडा’ तर मराठीत प्रतिज्ञाच झाला: विजापूरच्या दरबारात अफझलखानाने विडा उचलल्याची कथा प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असते. विडीही त्याच शब्दाची लेक. वस्तू बदलली, तरी गुंडाळण्याची क्रिया नावात टिकून राहिली.

आता वाचकाने स्वतः काम सुरू करावे. कुंभकोणमच्या बाजारात पानाच्या जुडीला ‘कवुळी’ म्हणतात. मिरज तालुक्यातल्या आरग-बेडगच्या पानमळ्यांतला शेतकरी ‘कवळी’ म्हणतो. एका कवळीत किती पाने, हे गावागणिक बदलते. नाव मात्र जवळजवळ तेच. आपल्या ‘कवळणे’शी, ‘कवे’शी हिचे नाते लावायचे, की दक्षिणेकडून आलेला हा व्यापारी शब्द मानायचा? मोल्सवर्थ यांचा कोश आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा 1946 चा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ आधी उघडावा. मग टर्नर यांचा आर्य भाषांचा आणि बरो-एमिनो यांचा द्राविड भाषांचा कोश शेजारी घ्यावा. ध्वनीचे नियम तपासावेत, अर्थ तपासावा, माल कोणत्या वाटेने फिरला ते पाहावे. या तिन्ही साक्षी एकमेकींशी जुळेपर्यंत निकाल देऊ नये.

एवढ्या कष्टांचे मोल मोठे आहे. जी भाषा आपण केवळ आपली म्हणून जपतो, तिच्या रोजच्या शब्दांत कावेरीकाठचे मळेकरी, मलबारचे दर्यावर्दी आणि मेकाँगकाठची अनाम माणसे यांचा वाटा आहे. तो ओळखता आला, की मराठीवरचे प्रेम अधिक डोळस होते आणि शेजारच्या भाषेविषयी परकेपणा उरत नाही. या अभ्यासाला पदवीची अट नाही. कोश, कान आणि चिकाटी एवढे भांडवल पुरते. यावे, आपले मनःपूर्वक स्वागत आहे.